फ्रिक्वेंट फ्लायर योजना आणि ग्राहकनिष्ठा

फ्रिक्वेंट फ्लायर योजना (नियमित प्रवासी योजना) ही विमान कंपन्यांनी आपल्या प्रवाशांसाठी चालविलेली सदस्यत्व योजना होय. सदस्याने त्या कंपनीच्या विमानाने प्रवास केल्यास, तसेच संलग्न बँक, हॉटेल किंवा दुकानात खर्च केल्यास त्याच्या खात्यावर ‘माइल्स’ अथवा ‘पॉइंट’ जमा होतात आणि पुढे त्यांच्या बदल्यात तिकीट, वरच्या वर्गातील आसन, जादा सामान किंवा विमानतळावरील विश्रामकक्षाची सोय मिळते. कंपन्या या योजनेचे वर्णन ‘निष्ठेचे बक्षीस’ असे करतात. हे वर्णन कितपत खरे आहे, याविषयी अर्थशास्त्र, विपणनशास्त्र आणि स्पर्धा कायदा या तिन्ही क्षेत्रांत मतभेद आहेत.

भारतात जेट एअरवेज, किंगफिशर, एअर इंडिया, व्हिस्टारा आणि इंडिगो या कंपन्यांच्या योजनांमुळे या प्रश्नाच्या वेगवेगळ्या बाजू समोर आल्या. जेथे एकच कंपनी एकाच मार्गावर उडते, अशा अमरावतीसारख्या ठिकाणी किंवा जेथे नियमित विमानसेवाच नाही अशा अकोल्यासारख्या शहरात ‘निष्ठा’ या शब्दाला काय अर्थ उरतो, हा या विषयाचा कमी चर्चिला गेलेला भाग आहे.

कार्यपद्धती

योजनेत दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र नांदतात. पहिली म्हणजे खर्च करता येण्याजोगे पॉइंट. दुसरी म्हणजे दर्जा. वर्षभरात ठरावीक मर्यादा ओलांडणाऱ्या सदस्यास सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा नावांचा दर्जा मिळतो आणि त्याबरोबर विमानात आधी प्रवेश, जादा सामान, रद्द झालेल्या उड्डाणानंतर पुढच्या विमानात प्राधान्य यांसारख्या सवलती येतात. पॉइंट साठविता येतात. दर्जा मात्र दरवर्षी नव्याने कमवावा लागतो. दहा वर्षे एकाच कंपनीने प्रवास केलेल्या व्यक्तीने अकराव्या वर्षी आजारपणामुळे प्रवास केला नाही, तर तिचा दर्जा सामान्यतः खाली येतो. निष्ठेचा नेहमीचा अर्थ दीर्घकाळच्या संबंधाशी जोडलेला आहे. योजनेचा हिशेब मात्र बहुधा गेल्या बारा महिन्यांचाच असतो.

पॉइंटवर मिळणारी आसने मर्यादित असतात. दिवाळी, उन्हाळी सुट्टी व लग्नसराईच्या दिवसांत ती लवकर संपतात किंवा त्यांना अनेकपट पॉइंट लागतात. अशा ‘मोफत’ तिकिटावरही कर आणि विमानतळ शुल्क बहुधा रोखीनेच भरावे लागते. कमी पल्ल्याच्या देशांतर्गत प्रवासात ही रक्कम मूळ भाड्याच्या तुलनेत लक्षात येण्याइतकी असते.

उगम

अमेरिकेत १९७८ सालच्या कायद्याने देशांतर्गत विमानभाडी व मार्ग यांवरील सरकारी नियंत्रण उठविले गेले. तोपर्यंत भाडी सारखीच असल्याने कंपन्या जेवण आणि सेवेवर स्पर्धा करीत. नियंत्रण उठल्यावर स्वस्त भाड्याच्या नव्या कंपन्या आल्या आणि जुन्या कंपन्यांना प्रवासी टिकविण्यासाठी वेगळा उपाय शोधावा लागला. टेक्सास इंटरनॅशनल या कंपनीने १९७९ मध्ये अंतरावर आधारित योजना आखली होती. तथापि, आधुनिक योजनांचा आरंभ साधारणतः १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने सुरू केलेल्या ‘अॅडव्हांटेज’ योजनेपासून मानला जातो. युनायटेड एअरलाइन्सने अवघ्या काही दिवसांत आपली योजना जाहीर केली.

अमेरिकन एअरलाइन्सने पहिले सदस्य निवडताना ‘सेबर’ या आपल्या संगणकीय आरक्षण प्रणालीत वारंवार येणारे दूरध्वनी क्रमांक शोधले होते. वारंवार प्रवास करणारा माणूस नेमका कोण, हेच तोपर्यंत कंपनीला नीट माहीत नव्हते. बक्षिसाइतकाच ग्राहकाची ओळख पटविणे हा या योजनांचा आद्य हेतू होता आणि प्रवाशाच्या सवयींची नोंद हे आजही त्यांचे मोठे फलित आहे.

अंतरावरून खर्चाकडे

आरंभी योजनांचे एकक अंतर होते. ‘माइल्स’ हे नाव त्यावरूनच आले. या पद्धतीत स्वस्त तिकीट घेऊन लांबचा प्रवास करणाऱ्याचा फायदा होत असे. डेल्टा आणि युनायटेड यांनी २०१५ मध्ये, तर अमेरिकन एअरलाइन्सने २०१६ मध्ये माइल्स मोजण्याची पद्धत बदलून ती तिकिटाच्या किमतीशी जोडली. भारतात व्हिस्टाराची योजना पहिल्यापासून खर्चावर आधारित होती आणि एअर इंडियाने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या ‘फ्लाइंग रिटर्न्स’ योजनेत तोच बदल केला.

या बदलाचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एक प्रवासी वर्षातून बारा वेळा नागपूर–मुंबई प्रवास करतो आणि प्रत्येक तिकिटाचे मूळ भाडे ४,००० रुपये आहे. त्याचा एकूण खर्च ४८,००० रुपये होतो. दुसरा प्रवासी त्याच कंपनीच्या बिझनेस वर्गाने एकदाच ३ लाख रुपयांचा परदेश प्रवास करतो. दोघांना प्रत्येक १०० रुपयांमागे सारखेच पॉइंट मिळाले, तरी दुसऱ्याच्या खात्यावर पहिल्याच्या सहापटीहून अधिक पॉइंट जमा होतात. कंपनीकडे बारा वेळा परत आलेला ग्राहक पहिला आहे. खर्चावर आधारित योजनेत नियमित येणाऱ्यापेक्षा मोठी रक्कम देणारा वरचढ ठरतो, ही टीका म्हणूनच केली जाते.

जुनी पद्धतही लहान पल्ल्याच्या प्रवाशाला अनुकूल होती असे नाही. नागपूर व मुंबई यांतील हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर, म्हणजे साधारण ४२५ मैल आहे. अमेरिकी कंपन्यांत दीर्घकाळ रूढ असलेली पहिल्या दर्जाची २५,००० मैलांची अट या मार्गावर पूर्ण करायची, तर वर्षाला सुमारे ५९ उड्डाणे करावी लागली असती. आठवड्याला एकाहून अधिक उड्डाण, तेही वर्षभर.

पॉइंट : कंपनीने काढलेले चलन

पॉइंट हे एक प्रकारचे खासगी चलन आहे. ते काढणारी, त्याचा दर ठरविणारी, त्याची मुदत ठरविणारी आणि ते स्वीकारणारी संस्था एकच असते. किती पॉइंटला कोणते तिकीट, याचा तक्ता कंपनी केव्हाही बदलू शकते आणि सदस्यत्वाच्या अटींत तसा अधिकार राखून ठेवलेला असतो. डेल्टाने २०१५ मध्ये असा तक्ता प्रसिद्ध करणेच थांबविले. मागणीनुसार पॉइंटची किंमत बदलण्याची पद्धत आता अनेक कंपन्यांत रूढ आहे. साठविलेल्या पॉइंटवर व्याज मिळत नाही. उलट काळाच्या ओघात त्यांचे मूल्य घटण्याचीच शक्यता अधिक असते. त्यामुळे सर्वाधिक काळ पॉइंट जपून ठेवणारा, म्हणजे एका अर्थी सर्वाधिक विश्वास टाकणारा सदस्य सर्वाधिक जोखीम घेतो.

हिशेबाच्या दृष्टीने पॉइंट हे कंपनीचे देणे असते. भारतात २०१८ पासून लागू असलेल्या ‘इंड एएस ११५’ या लेखामानकानुसार तिकिटाच्या रकमेतील पॉइंटपुरता भाग तात्काळ उत्पन्न म्हणून दाखविता येत नाही. पॉइंट वापरले जाईपर्यंत किंवा त्यांची मुदत संपेपर्यंत तो पुढे ढकलावा लागतो. काही पॉइंट कधीच वापरले जाणार नाहीत, असा अंदाज धरून त्यांचा हिशेब केला जातो. विसरलेले आणि मुदतबाह्य झालेले पॉइंट अशा रीतीने योजनेच्या अर्थकारणाचाच भाग असतात. वर्षातून एकदोनदाच विमानात बसणारा सदस्य या गटात मोडण्याचा संभव सर्वांत जास्त.

या चलनाचे सर्वांत मोठे खरेदीदार प्रवासी नसून बँका असतात. अमेरिकेत १९८७ मध्ये सिटी बँक व अमेरिकन एअरलाइन्स यांचे संयुक्त क्रेडिट कार्ड निघाले. तेव्हापासून बँका कंपन्यांकडून घाऊक प्रमाणात पॉइंट विकत घेऊन आपल्या कार्डधारकांना देतात. भारतात एअर इंडिया व एसबीआय कार्ड, व्हिस्टारा व अॅक्सिस बँक, इंडिगो आणि एचडीएफसी तसेच कोटक महिंद्रा बँक यांची संयुक्त कार्डे निघाली. किराणा, पेट्रोल, शाळेची फी कार्डाने भरून पॉइंट मिळविणारा माणूस विमानात न बसताही ‘निष्ठावान’ ठरू शकतो.

कोविड साथीच्या काळात या व्यवसायाचा आकार उघड झाला. जून २०२० मध्ये युनायटेड एअरलाइन्सने आपली ‘माइलेजप्लस’ योजना तारण ठेवून ५ अब्ज डॉलरचे कर्ज उभारण्याचे जाहीर केले. त्या वेळी योजनेचे मूल्य सुमारे २२ अब्ज डॉलर सांगितले गेले. शेअर बाजारातील संपूर्ण कंपनीच्या तत्कालीन मूल्यापेक्षा ते अधिक होते. डेल्टाने त्याच वर्षी ९ अब्ज डॉलर, तर अमेरिकन एअरलाइन्सने मार्च २०२१ मध्ये १० अब्ज डॉलर याच मार्गाने उभे केले. विमाने जमिनीवर उभी असतानाही तारण म्हणून चालणारी मालमत्ता म्हणजे सदस्यांची यादी आणि त्यांची पॉइंट गोळा करण्याची सवय होती.

भारतातील अनुभव

जेट एअरवेजने ५ मे १९९३ रोजी उड्डाणे सुरू केली. तिची ‘जेट प्रिव्हिलेज’ ही योजना भारतीय व्यावसायिक प्रवाशांत दीर्घकाळ सर्वाधिक परिचित होती. पुढे ही योजना जेट प्रिव्हिलेज प्रायव्हेट लिमिटेड या स्वतंत्र कंपनीकडे सोपविण्यात आली आणि २०१४ मध्ये अबू धाबीच्या एतिहाद एअरवेजने त्या कंपनीतील ५०.१ टक्के हिस्सा १५ कोटी डॉलरना घेतला. अडचणीत आलेल्या विमान कंपनीसाठी तो निधी उभारण्याचा एक मार्ग होता. सदस्यांना त्याचा अनपेक्षित लाभ पुढे झाला.

१७ एप्रिल २०१९ रोजी जेटचे शेवटचे विमान उडाले. ज्यांनी रोख पैसे देऊन पुढील तारखांची तिकिटे काढली होती, त्यांचे परतावे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकले. ज्यांच्या खात्यावर केवळ माइल्स होते, त्यांचे माइल्स मात्र शाबूत राहिले, कारण ते वेगळ्या कंपनीचे देणे होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये या योजनेचे नाव ‘इंटरमाइल्स’ असे ठेवण्यात आले आणि ते माइल्स इतर कंपन्यांची विमाने, हॉटेले व खरेदी यांसाठी वापरता येऊ लागले. दर्जाच्या सवलती अर्थातच विमानांबरोबर संपल्या. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेट एअरवेजच्या परिसमापनाचा आदेश दिला. योजना कंपनीपेक्षा अधिक काळ जगल्याचे हे ठळक भारतीय उदाहरण आहे. ज्या विमानसेवेशी ग्राहक निष्ठावान होते तीच नाहीशी झाल्यावर ही निष्ठा नेमकी कोणाशी होती, हा प्रश्न त्यातून निर्माण झाला.

किंगफिशर एअरलाइन्सच्या ‘किंग क्लब’ सदस्यांना असा आधार मिळाला नाही. मे २००५ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचा परवाना ऑक्टोबर २०१२ मध्ये निलंबित झाला आणि तिची उड्डाणे थांबली. फेब्रुवारी २०१२ मध्ये ती ‘वनवर्ल्ड’ या आंतरराष्ट्रीय संघात सामील होणार होती, तेही लांबणीवर पडले होते. योजना कंपनीच्याच पोटात असल्याने पॉइंट कंपनीबरोबर बुडाले. ऑस्ट्रेलियात सप्टेंबर २००१ मध्ये अॅन्सेट ही कंपनी बंद पडली तेव्हाही तिच्या सदस्यांची हीच गत झाली होती.

एअर इंडियाची ‘फ्लाइंग रिटर्न्स’ योजना ११ जुलै २०१४ रोजी कंपनी ‘स्टार अलायन्स’ या संघात सामील झाल्यावर अधिक उपयुक्त झाली. तिचे पॉइंट लुफ्तान्सा, सिंगापूर एअरलाइन्स, युनायटेड इत्यादी कंपन्यांच्या विमानांसाठीही चालू लागले. २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी टाटा समूहाकडे परतली. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी व्हिस्टाराचे तीत विलीनीकरण झाले, ‘क्लब व्हिस्टारा’चे सदस्य एअर इंडियाच्या योजनेत वर्ग झाले आणि योजनेला ‘महाराजा क्लब’ हे नाव मिळाले. (महाराजा हे कंपनीचे बोधचिन्ह १९४६ मध्ये बॉबी कूका व चित्रकार उमेश राव यांनी घडविले होते.) व्हिस्टाराच्या सदस्यांचे पॉइंट वाचले, मात्र ज्या सेवेसाठी त्यांनी ती कंपनी निवडली होती, ती कंपनी उरली नाही.

भारतातील या वादात इंडिगोचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. ऑगस्ट २००६ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने सुमारे अठरा वर्षे पारंपरिक पद्धतीची कोणतीही पॉइंट योजना चालविली नाही. तरीही देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी तिच्याकडे गेले. वेळेवर सुटणारी विमाने, अधिक उड्डाणे आणि तुलनेने स्वस्त भाडे यांच्या जोरावर प्रवासी परत येतो, पॉइंटची गरज पडत नाही, असा अर्थ यातून काढला जाई. ऑगस्ट २०२४ मध्ये इंडिगोने ‘ब्लूचिप’ ही योजना जाहीर केली, ती बिझनेस वर्ग आणि दूर पल्ल्याच्या परदेशी उड्डाणांकडे वळताना. बाजारातील वर्चस्व आधी आले आणि निष्ठेचे बक्षीस नंतर, हा क्रम लक्षणीय आहे.

तिकीट कोणाच्या पैशाने, पॉइंट कोणाच्या खात्यावर

कंपनीच्या कामासाठी प्रवास करणाऱ्या कर्मचाऱ्याचे तिकीट मालक काढतो, पॉइंट मात्र कर्मचाऱ्याच्या व्यक्तिगत खात्यावर जमा होतात. लिओनार्डो बासो, मॅथ्यू क्लेमेंट्स व थॉमस रॉस या अर्थतज्ज्ञांनी २००९ मधील एका शोधनिबंधात याच तफावतीवर योजनांचे यश आधारलेले असल्याचे प्रतिपादन केले. दुसऱ्याच्या पैशाने खरेदी करणारा माणूस किमतीबाबत बेफिकीर राहू शकतो आणि पॉइंटसाठी महागडे तिकीट निवडू शकतो. या दृष्टीने पाहता तथाकथित बक्षीस हे निष्ठेचे नसून मालकाच्या खर्चाने दिलेले प्रलोभन ठरते.

केंद्र सरकारने हा धोका ओळखला आहे. अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाने १३ जुलै २०१७ रोजी काढलेल्या प्रवासभत्त्याविषयीच्या आदेशानुसार, सरकारी प्रवासात मिळालेले माइलेज पॉइंट संबंधित विभागाने अन्य सरकारी प्रवासासाठीच वापरावयाचे आहेत. अधिकाऱ्याने ते खासगी प्रवासासाठी वापरल्यास त्याच्यावर विभागीय कारवाई होऊ शकते. खासगी क्षेत्रात असा सर्वसाधारण नियम नाही.

निष्ठेची संकल्पना

विपणनशास्त्रात या विषयावर वारंवार उद्धृत होणारी मांडणी अॅलन डिक व कुणाल बसू यांनी १९९४ मध्ये केली. (बसू हे ‘द जॅपनीज वाइफ’ या कथेचे लेखक म्हणूनही परिचित आहेत.) त्यांच्या मते केवळ पुन्हा पुन्हा खरेदी म्हणजे निष्ठा नव्हे, इतर पर्यायांच्या तुलनेत मनात असलेली पसंती आणि प्रत्यक्ष खरेदी या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, तरच ती खरी निष्ठा. पसंती नसतानाही माणूस परत येत असेल तर ती आभासी निष्ठा. पसंती आहे, पण परिस्थितीमुळे खरेदी शक्य नाही, ती सुप्त निष्ठा.

योजनांच्या समर्थकांचे म्हणणे असे, की पॉइंटमुळे सुरू झालेला संबंध कालांतराने खऱ्या पसंतीत बदलतो. शिवाय उड्डाण रद्द झाल्यावर मिळणारे प्राधान्य किंवा जादा सामान हे खरेच उपयोगी लाभ आहेत. नियमित प्रवास करणाऱ्याला त्यांचे मोल पॉइंटपेक्षा जास्त वाटते, आणि हा दावा निराधार नाही. विरोधकांच्या मते योजना पसंती निर्माण करीत नाहीत, कंपनी बदलण्याची किंमत वाढवितात. अर्धवट भरलेले पॉइंटचे खाते सोडून जाणे माणसाला जड जाते. एखाद्या विमानतळावर ज्या कंपनीची उड्डाणे अधिक, तिच्या योजनेत पॉइंट लवकर साठतात, म्हणून प्रवासी तिच्याकडेच वळतात आणि नव्या कंपनीस तेथे शिरकाव करणे अवघड होते. मारा लेडरमन यांच्या अमेरिकी विमानतळांवरील संशोधनात याच परिणामाचा आणि तो मोठ्या कंपन्यांच्या चढ्या भाड्याशी जोडलेला असण्याचा शोध घेतलेला आहे.

कायदा व नियमन

नॉर्वेने या प्रश्नावर सर्वांत कडक भूमिका घेतली. तेथील स्पर्धा प्राधिकरणाने २००२ मध्ये स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स या प्रबळ कंपनीस देशांतर्गत उड्डाणांवर पॉइंट देण्यास मनाई केली. २००७ मध्ये ही बंदी सर्व कंपन्यांना लागू झाली आणि २०१३ मध्ये, बाजारात पुरेशी स्पर्धा आल्यानंतर, ती उठविण्यात आली.

अमेरिकेत सदस्याच्या हक्कांची मर्यादा न्यायालयांनी आखून दिली. १९९५ च्या वोलेन्स खटल्यात करारभंगाचा दावा करता येतो असे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. याउलट २ एप्रिल २०१४ रोजी निकाली निघालेल्या नॉर्थवेस्ट विरुद्ध गिन्सबर्ग या खटल्याची हकीकत मासलेवाईक आहे. उच्च दर्जा मिळविलेल्या एका सदस्याचे सदस्यत्व कंपनीने २००८ मध्ये रद्द केले. तो फार तक्रारी करतो, असे कंपनीचे म्हणणे होते. सद्भावनेने वागण्याच्या गृहीत कर्तव्यावर आधारलेला त्याचा दावा १९७८ च्या नियंत्रणमुक्ती कायद्यामुळे टिकत नाही, असा निर्णय न्यायालयाने एकमताने दिला. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या परिवहन खात्याने चार मोठ्या कंपन्यांच्या योजनांची चौकशी सुरू केली. पॉइंटचे अवमूल्यन आणि अटींतील अपारदर्शकता हे तिचे विषय होते.

भारतात या योजनांसाठी स्वतंत्र कायदा नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अनुचित करार’ ही संकल्पना समाविष्ट आहे. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपविण्याचा अधिकार देणाऱ्या अटींचा तीत समावेश होतो आणि अशा कराराविरुद्ध राज्य व राष्ट्रीय आयोगाकडे दाद मागता येते. जिल्हा आयोगाला हा अधिकार नाही. अमरावती किंवा अकोल्याच्या सदस्याने या मुद्द्यावर तक्रार करावयाची ठरविली, तर जिल्ह्याच्या ठिकाणचा आयोग ओलांडून राज्य आयोगापर्यंत जावे लागते. काही हजार पॉइंटसाठी तेवढा खटाटोप कोणी करण्याची शक्यता कमीच.

वऱ्हाडातील स्थिती

अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम या जिल्ह्यांच्या वऱ्हाडाला दीर्घकाळ नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावर अवलंबून राहावे लागले. अमरावतीहून नागपूर रस्त्याने सुमारे १५० किलोमीटर, तर अकोल्याहून सुमारे २५० किलोमीटर आहे. जेट व किंगफिशर या दोन्ही कंपन्या नागपूरहून उडत असत. ३ मे २०२३ रोजी उड्डाणे थांबविलेली गो फर्स्टही तेथे होती. या तिन्हींच्या अस्तानंतर नागपूरच्या देशांतर्गत उड्डाणांत इंडिगोचा वाटा सर्वांत मोठा राहिला. वऱ्हाडातील प्रवासी या काळात एका कंपनीकडून दुसरीकडे गेला, पण ते सोडून जाणे त्याने निवडलेले नव्हते.

अमरावतीजवळ बेलोरा येथील विमानतळ महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने विकसित केला. १६ एप्रिल २०२५ रोजी १,८५० मीटर धावपट्टीच्या या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि अलायन्स एअरची मुंबई–अमरावती सेवा सुरू झाली. आठवड्यातून तीन दिवस, ७२ आसनी एटीआर विमानाने चालणारी ही सेवा केंद्राच्या ‘उडान’ योजनेतून मिळाली. या योजनेत निवडलेल्या कंपनीस तोटा भरून काढण्यासाठी अनुदान मिळते, काही आसनांच्या भाड्यावर मर्यादा असते आणि योजनेच्या मूळ रचनेनुसार त्या मार्गावर तीन वर्षे एकाधिकार असतो. अनुदान देऊन सुरू केलेला मार्ग दुसऱ्या कंपनीने लगेच बळकावू नये, हा त्यामागील हेतू. त्याचा एक परिणाम असा, की बेलोऱ्याच्या प्रवाशाला कंपनी निवडण्याचा प्रश्नच येत नाही. डिक व बसू यांच्या मांडणीत बेलोऱ्याहून वर्षभर मुंबईला जाणारा प्रवासी अलायन्स एअरशी निष्ठावान आहे की नाही, हे सांगता येणार नाही. तो परत येतो एवढेच कळते.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. अलायन्स एअर पूर्वी एअर इंडियाची उपकंपनी होती. टाटा समूहाकडे एअर इंडिया गेली तेव्हा अलायन्स एअर सरकारकडेच राहिली आणि १५ एप्रिल २०२२ पासून तिचे आरक्षण व उड्डाण क्रमांक वेगळे झाले. बेलोऱ्याहून मुंबईला आणि तेथून एअर इंडियाने लंडन किंवा न्यूयॉर्कला जाणाऱ्या प्रवाशाचे हे दोन टप्पे आता दोन स्वतंत्र कंपन्यांचे प्रवास आहेत. मुले परदेशी असलेल्या कुटुंबांतील ज्येष्ठ प्रवाशांच्या बाबतीत पॉइंटपेक्षा सामानाची मर्यादा आणि चुकलेल्या जोडविमानाची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात. नागपूर–दोहा या कतार एअरवेजच्या सेवेत संपूर्ण प्रवास एकाच कंपनीचा असतो. तिच्या योजनेतील ‘एव्हिऑस’ हे एकक ब्रिटिश एअरवेजच्या योजनेतही चालते. वऱ्हाडातील प्रवाशाला पॉइंट योजनेचा अर्थपूर्ण लाभ मिळू शकतो तो बहुधा अशा दूरच्या प्रवासात, तोही तीन-चार वर्षांतून एकदा. तेवढ्या काळात अनेक योजनांत पॉइंटची मुदत संपलेली असते.

या भागातील मुंबईच्या प्रवासाचा मुख्य आधार अजूनही रेल्वे आहे. अकोला व बडनेरा ही दोन्ही स्थानके हावडा–नागपूर–मुंबई मार्गावर आहेत. रात्री गाडीत बसून सकाळी मुंबईत उतरण्याची सोय देणाऱ्या विदर्भ एक्स्प्रेसला पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले प्रवासी आहेत, आणि ते कोणत्याही पॉइंटशिवाय. जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग हा आणखी एक पर्याय. विमान, रेल्वे व महामार्ग यांतून निवड करताना उड्डाणाचा दिवस आणि वेळ जुळतात की नाही, हाच निर्णायक मुद्दा असतो. आठवड्यातून तीनच दिवस उडणाऱ्या विमानाला दर्जाच्या सवलतींनी ही उणीव भरून काढता येत नाही.

अकोल्याजवळील शिवणी येथे ब्रिटिश काळापासून धावपट्टी आहे. तिच्या विस्तारासाठी लागणाऱ्या जमिनीत डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जमिनीचाही समावेश असल्याने हा विषय अनेक वर्षे रेंगाळला. नियमित प्रवासी सेवा नसल्याने अकोल्याचा विमानप्रवासी नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा आता बेलोरा यांपैकी सोयीचे ठिकाण निवडतो. कंपनी कोणती, हे त्यानंतर ठरते.